वायदा आणि मुहूर्त

लग्नघरांत सर्वांत अधिक वेळां कानीं पडणारा शब्द कोणता, असें विचारलें तर तो मंगलाष्टकांतला नव्हे. तो आहे ‘येतोंच.’ मांडववाला ‘येतोंच’ म्हणतो, फुलवाला ‘येतोंच’ म्हणतो, शिंपी ‘संध्याकाळीं पाठवतोंच’ म्हणतो, छायाचित्रकार ‘निघालोंच’ म्हणतो. यजमान घड्याळाकडे पाहतात, यजमानीणबाई यजमानांकडे पाहतात, आणि मुहूर्त कोणासाठींही थांबत नाहीं. घर बांधतांना गवंड्यानें दोन दिवस दांडी मारली तर भिंत दोन दिवस उशिरां उभी राहते, एवढेंच. लग्नांतल्या दोन तासांच्या उशिराला मात्र दुरुस्ती नसते. ‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ या म्हणीनें दोन्ही कामें एका पंक्तीस बसविलीं आहेत खरीं, पण वायदा मोडणाऱ्या माणसाशीं गांठ पडली असतां त्यांतलें दुसरें कितीतरी अधिक नाजूक ठरतें.

हीं माणसें अशीं कां वागतात, याचें उत्तर बऱ्याच अंशीं पंचांगांत सांपडतें. महाराष्ट्रांत तुळशीचें लग्न लागलें कीं लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीच्या सुमारास ती ओसरते. मध्यें पौष महिना पुष्कळ घरें टाळतात. गुरु किंवा शुक्र यांचा अस्त असला कीं ते दिवस जातात. सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं येणारा अधिक मास तर आख्खा महिनाच गिळून टाकतो. चातुर्मासांत काढीव मुहूर्तावर लग्नें लागतात, पण थोडीं. जे दिवस उरतात त्यांतून नोकरदार पाहुण्यांसाठीं रविवार किंवा सुट्टी निवडावी लागते. मग एकाच दिवशीं सगळ्या शहराला मांडव हवा असतो, सनई हवी असते, आणि मोगऱ्याचे गजरेही हवे असतात. वर्षांतले कित्येक महिने हात जोडून बसणाऱ्या कंत्राटदाराला अशा दिवशीं ‘नाहीं’ म्हणणें जड जातें. सामान एका लग्नापुरतें असलें तरी तो तीन लग्नें घेतो. सकाळचा मुहूर्त उरकून दुपारीं दुसरीकडे जाऊं, गोरज मुहूर्ताला तिसरीकडे पोहोंचूं, असा त्याचा हिशेब असतो; आणि पहिल्या ठिकाणीं पंक्ति लांबली किंवा टेंपो सिंहगड रस्त्यावर अडकला, कीं तो हिशेब शेवटच्या यजमानाच्या गळ्यांत पडतो.

दुसरें कारण पाहुण्यांना दिसत नाहीं. ज्याच्याशीं बोलणें होतें तो पुष्कळदां स्वतः कांहींच करीत नाहीं. खुर्च्या एकाच्या, रोषणाई दुसऱ्याची, वाढपी तिसऱ्याचे, फुलें मंडईंतून चौथ्यानें आणावयाचीं, अशी ती सांखळी असते. यजमानाचा करार पहिल्या कडीशीं. तुटते मात्र तिसरी किंवा चौथी. वायदा मोडणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असें समजून जो व्यवहारास बसतो त्याला म्हणूनच अर्धेंच चित्र दिसतें. लबाड माणूस निवड करतांनाच टाळावा लागतो. प्रामाणिक पण पेलवेल त्याहून अधिक कामें घेणारा माणूस हा निराळा रोग आहे, आणि त्याच्यावरचा उपाय कराराच्या कागदांत व शेवटच्या हप्त्यांत असतो.

पूर्वींच्या पेठांतून हा प्रश्न एका वेगळ्या रीतीनें सुटत असे. आचारी ठरलेला, वाजंत्री ठरलेले, भांडीं कोणाच्या घरून आणावयाचीं तें ठरलेलें. आचारी जिनसांची यादी देई, वाणसामान यजमान भरी, आणि आचाऱ्याच्या हातीं फक्त कला व कष्ट असत. वाजंत्र्यांना अगोदर सुपारी दिली कीं काम पक्कें झालें असें मानीत. आज वर्तमानपत्रांत भलत्याच अर्थानें झळकणारा ‘सुपारी’ हा शब्द मुळांत असा साधा आणि सोज्ज्वळ आहे. सुपारी घेऊन जो आला नाहीं त्याचें नांव आठ दिवसांत साऱ्या आळींत होई, आणि पुढच्या सराईंत त्याला कोणी बोलावीत नसे. त्या काळच्या वचनामागें कायद्याचा नव्हे, तर शेजाऱ्यांच्या तोंडाचा धाक होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तींत जातपात होती, आणि घरच्या बायकांची हाडें मोडत. पण तिच्यांतला धाक नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवावयास हवें हें मात्र घरोघर लक्षांत आलें नाहीं. आज मुलगी बंगलोरला, मुलगा अमेरिकेंत, कार्यालय कोथरूडला, आणि सजावटीचा ठेका घेणारा कोठला, हें त्याच्या रंगीत चित्रांवरून कळत नाहीं.

तेव्हां पहिली चौकशी त्या चित्रांची नव्हे, माणसांची करावी. त्याचें एखादें चालू काम कार्यालयांत जाऊन पाहतां येतें. जेवणाची चव चाखण्यासाठीं तर बहुतेक केटरर स्वतःच बोलावतात. चव पाहतांना मात्र पहिल्या पंक्तीपेक्षां शेवटची पंक्ति पाहिलेली बरी. आमटी पातळ होते कीं नाहीं, जिलबी संपते कीं नाहीं, हें तेव्हांच कळतें. अन्न पुरविणाऱ्याजवळ खाद्य सुरक्षा कायद्याखालील १४ आंकडी क्रमांक असतो. तो मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पुन्हां जाऊं नये. आणि सर्वांत उपयोगी प्रश्न सर्वांत साधा आहे: ‘त्या दिवशीं आणखी किती कामें घेतलीं आहेत, आणि आमच्याकडे प्रत्यक्ष कोण उभें राहणार?’ चांगला कंत्राटदार या प्रश्नाला राग न मानतां माणसाचें नांव व दूरध्वनी क्रमांक देतो. दुसरा म्हणतो, ‘काका, तुम्ही काळजीच करूं नका.’ काळजी तेथूनच सुरू करावी.

यानंतर येतो विसार. विसार म्हणजे वचन पक्कें झाल्याची खूण. तो किंमतीचा लहानसा भाग असतो आणि काम पुरें झालें कीं एकूण रकमेंत वळता होतो. हल्लीं मात्र विसाराच्या नांवाखालीं निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम आगाऊ मागतात आणि पावतीवर ‘कोणत्याही परिस्थितींत परत मिळणार नाहीं’ असा शिक्का मारतात. हा शिक्का पाहून शिकलेलीं माणसेंही गप्प बसतात. तेवढें घाबरण्यासारखें त्यांत नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें कलम ७४ असें सांगतें कीं, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें ठरलेलें असलें, तरी न्यायालय त्या मर्यादेंत वाजवी भरपाईच देईल. दिल्लींतील एका बंगल्याच्या विक्रीसंबंधीं १९६३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं हाच नियम अगोदर भरलेल्या रकमेलाही लावला. त्या खटल्यांत घेणाऱ्यानें २५,००० रुपये भरून मग करार मोडला होता. विक्रेत्याला विसाराचे १,००० रुपये ठेवून घेण्याची मुभा मिळाली. उरलेले २४,००० जप्त करण्याची मिळाली नाहीं, कारण तेवढें नुकसान झाल्याचें त्याला दाखवितां आलें नव्हतें.

हें झालें यजमानानें माघार घेतली तर. उलट कंत्राटदारच आला नाहीं, तर तो शिक्का त्याला मुळींच तारीत नाहीं. स्वतः वचन मोडून दुसऱ्याचे पैसे ठेवण्याचा हक्क कोणत्याही पावतीनें निर्माण होत नाहीं. आणि दोघांचाही दोष नसतांना काम अशक्य झालें तर? याचें उत्तर त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमाखालीं एका उदाहरणानें दिलेलें आहे. एका गायकानें जलशांत गाण्याचें कबूल करून १,००० रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला. बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याला द्यावी लागत नाहीं, पण ते हजार रुपये परत करावे लागतात. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली आणि पुढें लग्नाला ५० च पाहुण्यांची परवानगी राहिली, तेव्हां हा गायक अकस्मात् घरोघर आठवण्यासारखा झाला. अनेक ठिकाणीं कार्यालयांनीं पैसे परत करण्याऐवजीं तारीख पुढें ढकलून दिली. कित्येक यजमानांनीं ती सवलत समजून घेतली. तारीख बदलणें दोघांच्या संमतीनें होतें. तें कोणावर लादतां येत नाहीं, हें त्या गडबडींत फारसें कोणी बोललें नाहीं.

लेखी करार म्हटला कीं मध्यमवर्गीय घरांत थोडें अवघडल्यासारखें होतें. मंगलकार्यांत वकिली कशाला, असें आजी म्हणतात. परंतु चार ओळींचें पत्र, त्याला आलेलें ‘मान्य आहे’ असें उत्तर, आणि पैसे बँकेंतून दिल्याची नोंद, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. भ्रमणध्वनीवरील संदेशांनींही करार होतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत तशी तरतूद आहे. पुढें न्यायालयांत ते संदेश दाखवावयाचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें. म्हणून लग्न उरकलें तरी जुना फोन विकण्याची घाई करूं नये. रोख पैसे देऊन ‘पावती मागाहून देतों’ हें ऐकून घेणें ही मात्र पुष्कळ भांडणांची आई आहे.

त्या पत्रांत काय असावें? वस्तूंची नांवें तर असावींतच. ‘उत्तम सजावट’ या शब्दांना कांहीं अर्थ नाहीं, ‘स्टेजच्या मागें ताज्या झेंडूच्या व निशिगंधाच्या माळा’ या शब्दांना आहे. पानांचा हिशेब विशेष काळजीनें लिहावा. समजा, ३०० पानें ठरलीं आणि २६० जेवलीं, तर पैसे कितींचे? ३४० आलीं तर वरच्या ४० चा दर कोणता? मुलांचें पान अर्धें कीं पूर्ण? वाढपी व वाजंत्री यांचीं पानें कोणाकडे? बोललेल्या दरांत वस्तु व सेवा कर धरला आहे कीं वरून लागणार? यांपैकीं एकही प्रश्न त्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां, विहिणींच्या देखत, सुटत नाहीं. ध्वनिवर्धक रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर लावतां येत नाहीं, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. वरात साडेनऊला निघाली आणि दहाला वाद्यें बंद झालीं, तर दोष बँडवाल्याचा नाहीं. वरात लवकर काढावी.

पण सर्वांत मोलाची ओळ वेळेची. केवळ तारीख लिहून भागत नाहीं. मुहूर्त किती वाजून किती मिनिटांनीं आहे, आणि मांडव त्यापूर्वीं किती वाजतां उभा हवा, हें लिहावें लागतें. यामागें एक जुना इंग्लिश निकाल आहे. ग्लूस्टर येथील एका गिरणीचा दांडा मोडला व नवा घडविण्यासाठीं तो नमुना म्हणून ग्रीनिचला पाठविला. वाहतूकदारानें दिरंगाई केली आणि गिरणी तितके दिवस बंद राहिली. मालकानें बुडालेला नफा मागितला. १८५४ मध्यें न्यायालयानें तो नाकारला, कारण दांडा पोहोंचल्यावांचून गिरणी चालूच शकत नाहीं, हें वाहतूकदाराला ठाऊक नव्हतें. हेंच तत्त्व आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्यें आलें आहे: करार करतांना दोघांना जें नुकसान संभवनीय म्हणून माहीत होतें, त्याची भरपाई मिळते, दूरच्या व अप्रत्यक्ष नुकसानाची मिळत नाहीं. नवरीचा शालू तारखेच्या आदल्या दिवशीं कां हवा, हें शिंप्याला लेखी कळविलेलें असलें, म्हणजे ‘मला काय ठाऊक’ असें त्याला म्हणतां येत नाहीं.

लग्नाला आठ दिवस राहिले कीं दगा देणारा माणूस ओळखूं येऊं लागतो. फोन उचलीत नाहीं. उचलला तर गाडी चालवीत असतो. ठरल्यापेक्षां आधींच आणखी पैसे मागतो. अशा वेळीं आशेवर बसून राहणें महागांत पडतें, आणि कायद्याच्या दृष्टीनेंही तें चुकीचें आहे, कारण नुकसान आटोक्यांत ठेवण्याचे जे उपाय हातीं होते तेही भरपाई ठरवितांना विचारांत घेतात. ‘उद्यां सायंकाळीं सहापर्यंत खात्री न पटल्यास दुसरा माणूस ठरवूं व वाढीव खर्च आपणांकडून घेऊं’ असा एक संदेश पाठवून खरोखरच दुसरा माणूस ठरवावा. तो महाग मिळेल. त्या फरकाची मागणीच पुढें सर्वांत सोपी ठरते, कारण ती आंकड्यांत दाखवितां येते. म्हणून पहिल्यापासूनच दुसऱ्या एका केटररचें व दुसऱ्या एका फुलवाल्याचें नांव वहींत असावें. ज्या घरांत अशी वही असते तेथें ती बहुधा एखाद्या आत्याबाईंच्या हातीं असते, आणि त्या दिवशीं यजमानांपेक्षां त्यांनाच अधिक झोंप लागते.

प्रत्यक्ष दिवशीं माल उशिरां आला तर काय करावें, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. मांडव सातऐवजीं साडेनवाला आला. परत पाठविणें शक्य नाहीं; पाहुणे दारांत आहेत. यजमान तो उभारून घेतात आणि मनांत म्हणतात, पैसे देतांना पाहूं. करार कायद्याचें कलम ५५ येथें आडवें येतें. वेळ महत्त्वाची असलेल्या करारांत उशिरां केलेलें काम ज्यानें स्वीकारलें, त्याला त्या उशिराची भरपाई मागतां येत नाहीं. स्वीकारतांनाच आपण ती मागणार आहों असें त्यानें कळविलें असेल तर मात्र येते. म्हणजे त्या गडबडींत एक ओळीचा संदेश धाडावयाचा: ‘मांडव साडेनवाला आला, नाइलाजानें घेत आहों, भरपाईचा हक्क राखून ठेवला आहे.’ तारीखवार छायाचित्र जोडावें. हें काम वधूच्या वडिलांचें नव्हे. घरांतला एखादा थंड डोक्याचा मेहुणा त्यासाठीं आधींच नेमावा, शेवटच्या हप्त्याचे पैसेही त्याच्याच हातीं असावेत, आणि कंत्राटदाराला त्याचेंच नांव दिलेलें असावें. शेवटचा हप्ता काम संपल्यावर देण्याचें ठरलें असेल, तर त्या दिवशीं त्याच्याइतकें वजन दुसऱ्या कशालाही नसतें. तसें ठरलें नसेल तर मात्र पैसे अडवून धरणें हा यजमानाचाच करारभंग होतो.

इतकें करूनही तंटा उरला तर फौजदारीकडे धांव घेण्याची पुष्कळांना हौस असते. वचन मोडणें म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे घेतांनाच देण्याची बुद्धि नव्हती असें दिसलें, तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा विचार होतो. एकाच तारखेला एकच सभागृह पांच जणांना विकून जो नाहींसा झाला, त्याचें प्रकरण पोलिसांचें. उशिरां आलेल्या मांडववाल्याचें ग्राहक आयोगाचें. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणें तक्रारदार जेथें राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जातां येतें. इंदूरच्या कुटुंबानें नाशिकला लग्न केलें आणि तेथील केटररनें दगा दिला, तर इंदूरलाच तक्रार चालते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं. मुदत दोन वर्षांची. ज्यानें पैसे दिले तोच ग्राहक असें नव्हे. त्याच्या संमतीनें ज्याला सेवेचा लाभ व्हावयाचा तोही ग्राहक असतो, त्यामुळें पावती मामांच्या नांवावर असली तरी वधूला तक्रार करतां येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक सहायता सेवा फुकट मिळते, आणि पुष्कळ तंटे तेथेंच मिटतात. हें सगळें खरें असलें तरी आयोगांतल्या तारखा लांबतात; कायद्यानें तीन महिन्यांचा संकल्प सांगितला आहे, अनुभव तितका वेगवान नाहीं. वकिलावांचून स्वतः उभें राहतां येतें, हा त्यांतला दिलासा.

भरपाई केवळ पैशांच्या नुकसानाची नसते. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत १९९३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मनस्तापाचीही भरपाई ग्राहक आयोग देऊं शकतात असें म्हटलें. लग्नासंबंधीं याचा सर्वांत बोलका दाखला स्कॉटलंडांतला आहे. तेथें एक छायाचित्रकार लग्नाला आलाच नाहीं. छायाचित्रांची किंमत किती, हा प्रश्न सोपा होता; पण तो दिवस पुन्हां येणार नाहीं याचें काय? १९७१ मध्यें तेथील न्यायालयानें वधूच्या मनस्तापाबद्दल तिला ३० पौंड देवविले. रक्कम लहान, पण व्यापारी करारांत मनाला किंमत नसते हा जुना नियम लग्नाच्या बाबतींत तरी तेथें सैल झाला.

छायाचित्रकारांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट, कारण यांत फसणारीं घरें फार. लग्नानंतर सहा महिन्यांनीं अल्बम येत नाहीं. विचारलें तर मूळ चित्रें हवीं असल्यास वेगळे पैसे पडतील, असें उत्तर येतें, जणूं तीं त्याचीं आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणें, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, विरुद्ध करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेणाऱ्याचाच असतो. हा विरुद्ध करार पुष्कळदां पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. विसार देतांनाच ती बाजू वाचावी, नको तें कलम खोडून दोघांनीं तेथें सही करावी, आणि मूळ चित्रें किती दिवसांत, कोणत्या स्वरूपांत द्यावयाचीं, तें त्याच जागीं लिहून घ्यावें.